पोच, नाव, तारीख: बाल संरक्षणाची केस कार्यालयांच्या मध्ये हरवू न देता कशी पुढे न्यायची

घरात मार खाणारं, पळून आलेलं किंवा पुढच्या आठवड्यात लग्न ठरलेलं मूल समोर येतं, तेव्हा महाराष्ट्रात त्याच्यासाठी यंत्रणाच नाही असं होत नाही. कायद्यानं प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो. जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते, जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, गावात अंगणवाडी असते. तरीही मुलं निसटतात, आणि बहुतेक वेळा एका कार्यालयाकडून दुसऱ्या कार्यालयाकडे जाताना निसटतात. शिक्षक म्हणतात, पोलिसांना सांगितलंय. पोलीस म्हणतात, समितीला पत्र दिलंय. समिती म्हणते, कक्षाकडून अहवाल मागवलाय. तिघंही खरंच बोलत असतात आणि मूल त्याच घरात असतं.

शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामसेवक, समुपदेशक आणि संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहिलंय. सगळ्याच्या मुळाशी एक साधी शिस्त आहे. केस पुढे देताना तीन गोष्टी हातात घेतल्याशिवाय ती 'दिली' असं समजायचं नाही: ज्यानं घेतली त्या माणसाचं नाव, पुढचं पाऊल कोणत्या तारखेपर्यंत ते, आणि लेखी पोच.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. बीड-जालना पट्ट्यातलं गाव. सातवीतली मुलगी बारा दिवस शाळेत नाही. वडील वारलेत, आई आणि दोन मुलं चुलत्याच्या घरी राहतात. चुलता मारतो, आणि ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आत तिचं लग्न उरकायचं चाललंय. मुकादम, म्हणजे कारखान्यासाठी मजूर जमवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे या पट्ट्यात लग्नाची घाई नेमकी हंगामाच्या तोंडावर होते. शाळेनं आणि अंगणवाडीनं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हजेरीपट जरा बारकाईनं बघावा तो याचसाठी.

कोणाकडे काय मागायचं

बाल कल्याण समिती हा सल्लागार मंडळींचा गट नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार एक अध्यक्ष आणि चार सदस्य मिळून ते पीठ बनतं आणि त्याला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मूल कुठे राहील, कोणाच्या ताब्यात जाईल, घरी कधी परत जाईल, हे ठरवणं समितीचं काम. सरपंच, ठाणेदार किंवा तहसीलदार हे आपल्या पातळीवर 'मिटवू' शकत नाहीत. गावात बसून लिहिलेला समझोता समितीला बांधून ठेवत नाही.

जिल्हा बाल संरक्षण कक्ष म्हणजे समितीचे हातपाय. घरभेट, सामाजिक तपासणी, योजनेचा अर्ज, पाठपुरावा ही कामं कक्षाची. हा कक्ष जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाशी जोडलेला असतो.

इथे एक गोंधळ कायम होतो. 'संरक्षण अधिकारी' नावाची दोन वेगळी पदं आहेत. एक पद कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खालचं, ते आईच्या अर्जाचं काम बघतं. दुसरं बाल संरक्षण कक्षातलं, आणि त्यातही संस्थात्मक काळजी व बिगर संस्थात्मक काळजी असे दोन भाग. आपल्या उदाहरणात दोन्हीकडे काम आहे. फोनवर नुसतं 'संरक्षण अधिकारी द्या' म्हटलं की चुकीच्या टेबलावर केस जाते आणि तिथेच पडून राहते. पदाचं पूर्ण नाव घ्या.

बालविवाह असेल तर खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आणि शहरात बाल विकास प्रकल्प अधिकारी. गावात ग्राम बाल संरक्षण समितीही असते, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. ती कागदावरच असेल तर केस आल्यावर जागी करायला जाऊ नका, त्यात वेळ जातो. आधी केस पुढे सरकवा.

कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा वेगळ्या: पोलीस ठाण्यांशी जोडलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष, सखी वन स्टॉप सेंटर, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, व्यसनमुक्ती केंद्र, अंगणवाडी, आशा. सरकारी यंत्रणा मुलाला घरातून काढू शकते. घर राहण्यासारखं करायचं असेल तर या सेवांशिवाय होत नाही.

पहिले काही तास

मुलानं सांगितलं की ऐकायचं, चौकशी करायची नाही. हा फरक पुढच्या सगळ्या केसवर परिणाम करतो. 'काय झालं ते तुला सांगावंसं वाटतं तेवढं सांग' इतकं पुरे. 'काकांनीच मारलं ना?' असा उत्तर पुरवणारा प्रश्न विचारला, तर न्यायालयात उलटतपासणीत पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं. 'मी कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी म्हणा, 'तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना कळणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन.'

मूल गेल्यावर लगेच वहीत लिहा: तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, आणि मुलानं वापरलेले शब्द जसेच्या तसे. 'तिला चुलत्याकडून मारहाण होते' हे झालं तुमचं वाक्य. 'काका चुलीतलं लाकूड घेतो' हे तिचं. तिचं वाक्य लिहा. अंगावर दिसलेल्या खुणांची जागा, रंग, अंदाजे आकार लिहा, फोटो काढू नका. फोटो काढायचं काम पोलिसांचं आणि डॉक्टरांचं. शिक्षकाच्या मोबाईलमधला फोटो पुढे कोणत्या ग्रुपवर जाईल याचा नेम नसतो.

मग १०९८ ला फोन. मुलांसाठीची ही हेल्पलाइन, चाइल्डलाइन, १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली सरकारी यंत्रणेकडे आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. फोनवर पाच गोष्टी सांगा: मुलाचं अंदाजे वय, आत्ता ते कुठे आहे, धोका कोणाकडून, धोका किती तासांवर किंवा दिवसांवर, आणि त्या घरात आणखी मुलं आहेत का. शेवटचं हमखास राहून जातं. आपल्या उदाहरणात धाकटा भाऊही त्याच घरात आहे. फोन ठेवण्याआधी नोंद क्रमांक मागा, बोलणाऱ्याचं नाव विचारा, वेळ लिहा. जीवाला आत्ताच धोका असेल तर आधी ११२.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर तक्रार करायची की नाही हा प्रश्नच उरत नाही. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थाप्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत. 'शाळेचं नाव खराब होईल' म्हणून आधी शाळेतच अंतर्गत चौकशी करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. तोवर पुरावा जातो आणि मुलावर दबाव येतो. घटना ताजी असेल तर मुलाला आंघोळ घालू नका. कपडे बदलावेच लागले तर ते कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरून खराब होतात. ७२ तासांच्या आत दवाखान्यात पोचलं तर एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू करता येतात, म्हणून 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. तातडीच्या उपचारांसाठी डॉक्टरांनी आधी एफआयआर किंवा पोलिसांचं पत्र मागणं नियमाला धरून नाही. हे पॉक्सो नियम २०२० मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे आणि गरज पडली तर नियमाचं नाव घेऊन सांगा. मुलीची तपासणी महिला डॉक्टरांनीच करायची, आणि तिच्या भरवशाचं माणूस तिथे हवं.

जबाब घेताना मुलाला ठाण्यात खेटे घालायला लावायचे नसतात. मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता जबाब घ्यायचा. रात्री मुलाला कोणत्याही कारणानं ठाण्यात थांबवायचं नाही.

लग्न थांबवायचं असेल तर

ग्रामसेवकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. लग्नाच्या दिवशी मांडवात पोलीस नेणं हा शेवटचा उपाय. त्यात गाव चिडतं आणि दोन-चार दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात जाऊन गुपचूप लग्न लागतं. त्याहून पक्का मार्ग म्हणजे बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ च्या कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम. घाई असेल तर दुसऱ्या बाजूला नोटीस न देताही अंतरिम हुकूम मिळतो, आणि तो डावलून लावलेलं लग्न कलम १४ नुसार मुळातच रद्द ठरतं. मुलीकडच्या घरात हुकमाची प्रत हातात पडली की सूर बदलतो, कारण लग्न लावणारे, जमवणारे आणि हजर राहणारे अशा सगळ्यांवर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

लग्न थांबलं तरी मुलगी सुरक्षित झाली असं धरू नका. कायद्यानं 'लग्न लावलं जाण्याचा नजीकचा धोका असलेलं मूल' हे काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूलच आहे, म्हणून ती समितीपुढे गेली पाहिजे. ग्रामसेवक हुकूम घेतात आणि थांबतात, समितीला कळवत नाहीत. ही फट भरायचं काम तुमचं. मनाई हुकमाची आणि घरच्यांनी 'लग्न लावणार नाही' असं लिहून दिलेल्या हमीपत्राची एक प्रत समितीला, एक कक्षाला, एक शाळेला द्या.

समितीपुढे: चोवीस तास

मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत ते समितीपुढे हजर करायचं असतं. पोलीसच लागतात असं नाही. सामाजिक कार्यकर्ता, डॉक्टर, कोणताही लोकसेवक, साधा नागरिक, इतकंच काय मूल स्वतःही हजर होऊ शकतं. समिती महिन्यात किमान वीस दिवस बसते. बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही मूल हजर करता येतं आणि तात्पुरता निवारा ठरवता येतो. शुक्रवारी संध्याकाळी 'सोमवारी या' असं उत्तर मिळालं, तर सदस्यापुढे हजर करण्याची ही तरतूद सांगा आणि सदस्यांचे नंबर कक्षाकडून आधीच घेऊन ठेवा. केस आल्यावर नंबर शोधणं म्हणजे रात्र गमावणं.

सोबत न्यायच्या गोष्टी: तुमच्या वहीतल्या नोंदीची सही केलेली प्रत, १०९८ चा नोंद क्रमांक, पोलिसांची डायरी नोंद किंवा एफआयआरची प्रत, वयाचा पुरावा, आणि मुलाची औषधं, चष्मा, दप्तर. वयासाठी पहिला मान शाळेतल्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. चाचणीत वय नेमकं येत नाही, अंदाजच येतो. म्हणून शाळेचा दाखला शोधायला दोन तास गेले तरी ते सत्कारणी लागतात. दप्तर क्षुल्लक वाटेल, पण अनोळखी जागी पहिल्या रात्री मुलाला स्वतःचं असं काहीतरी लागतं.

समितीपुढे आईलाही आणा, आणि तिला मुलीशेजारी बसवायचं की वेगळं, हे मुलीला आधी विचारा. समितीनं दिलेल्या आदेशाची प्रत हातात घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. त्यात मूल कुठे राहणार, पुढची तारीख आणि तपासणी अहवाल कोण देणार, या तीन गोष्टी आहेत का ते दारातच वाचून बघा.

घरचा तपास

समिती सामाजिक तपासणी अहवाल मागते. तो पंधरा दिवसांत यायला हवा, म्हणजे पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत अंतिम आदेश देता येतो. केसचा कणा हाच अहवाल, आणि नेमका तोच फोनवरून लिहिला जातो. 'कुटुंबाची आर्थिक परिस्थिती हलाखीची असून पालक मुलास सांभाळण्यास इच्छुक आहेत.' हे वाक्य शेकडो अहवालांत चिकटवता येईल आणि एकाही मुलाबद्दल ते काही सांगत नाही.

घरी दोनदा जा, एकदा न सांगता. मूल कुठे झोपतं ते बघा, आणि त्या खोलीला आतून कडी आहे का तेही. प्रश्न आईला विचारला तर उत्तर कोण देतं, याकडे लक्ष ठेवा. आईशी एकटीशी बोलायची संधी काढा, हापशावर, शेताच्या बांधावर, अंगणवाडीत. चुलता समोर असताना तिनं दिलेलं संमतीचं उत्तर अहवालात घ्यायचं, पण 'चुलत्यासमोर' हेही लिहायचं. शेजाऱ्यांना केस सांगू नका, फक्त मुलांबद्दल साधं विचारा. शाळेतला हजेरीपट वर्षभराचा बघा. गैरहजेरी कोणत्या महिन्यांत, सणाला की आठवडी बाजाराला, याचा नमुना बरंच सांगून जातो. आशाताईंकडे घरातल्या आजारपणाची आणि दारूची माहिती असते. त्यांना माहिती देणारी म्हणून नावानिशी अहवालात टाकू नका, त्या त्याच गावात राहतात.

अहवालात घराच्या कमकुवत बाजूंइतक्याच भक्कम बाजू लिहा. मामा शेजारच्या गावात आहे का, आजी आहे का, आईला काम मिळेल का. बाल न्याय कायद्याच्या मूलतत्त्वांत मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय म्हणून सांगितलाय. पण अहवालात पर्यायच दिला नाही, तर समितीपुढे बालगृहाशिवाय काही उरत नाही. मामीची तयारी विचारून, तिच्या घरी जाऊन, तिथल्या मुलांशी बोलून मग 'योग्य व्यक्ती', म्हणजे मूल सांभाळायला समितीनं मान्य करायची व्यक्ती, म्हणून तिचं नाव सुचवा. नुसत्या फोनवरच्या 'हो'वर मूल पाठवलं की तिसऱ्या महिन्यात ते परत येतं, आणि या वेळी आणखी एक दार बंद झालेलं असतं.

सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवणं

खरा समन्वय इथे घडतो आणि नेमका हाच भाग कोणत्याही एका खात्याच्या परिपत्रकात नीट बसत नाही. केस समितीपुढे गेल्यानंतर सात-आठ दिवसांत एक बैठक घ्या. बोलावणं कक्षाच्या बिगर संस्थात्मक काळजीच्या संरक्षण अधिकाऱ्याकडून गेलं तर लोक येतात, संस्थेच्या कार्यकर्त्यानं बोलावलं तर येत नाहीत. ही वस्तुस्थिती आहे, म्हणून पत्रावर त्यांची सही घ्या आणि बाकी जुळवाजुळव तुम्ही करा.

सहा-सात जणांपेक्षा जास्त नको: कक्षाचा सामाजिक कार्यकर्ता, बाल कल्याण पोलीस अधिकारी, मुख्याध्यापक किंवा वर्गशिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा आशा, विशेष कक्षाची समुपदेशक, आणि आईच्या अर्जासाठी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकारी. सरपंच आरोपीच्या भावकीतले असतील तर त्यांना बोलावू नका. मुलाला या बैठकीत आणायचं नाही. त्याचं म्हणणं आधी एकानं विचारून घ्यायचं आणि त्याच्याच शब्दांत टेबलावर ठेवायचं.

पाऊण तास पुरतो. अत्याचाराचा तपशील पुन्हा उगाळायचा नाही, तिथे हजर असलेल्या शिक्षकाला तो माहीत असण्याची गरज नाही. आज रात्री मूल सुरक्षित आहे का, मारणारा माणूस त्याच्यापर्यंत पोचू शकतो का, आई कशावर उभी राहील, शाळा कधी सुरू होईल, एवढ्यावरच बोला. बैठक संपताना एका कागदावर नोंद करा आणि तिथल्या तिथे सगळ्यांच्या सह्या घ्या. नोंद अशी दिसायला हवी:

आईचा संरक्षण व निवास आदेशासाठी अर्ज – संरक्षण अधिकारी, कौटुंबिक हिंसाचार – १४ तारखेपर्यंत – कक्षाला कळवणे.
बाल संगोपन योजनेचा अर्ज, दोन्ही मुलांचा – कक्षाचा सामाजिक कार्यकर्ता – २० तारखेपर्यंत – समितीला कळवणे.
वडिलांचा मृत्यू दाखला ग्रामपंचायतीतून काढणे – ग्रामसेवक – १२ तारखेपर्यंत – सामाजिक कार्यकर्त्याला देणे.
मुलगी शाळेत हजर झाल्याचा पहिला दिवस – वर्गशिक्षक – त्याच दिवशी संदेश – समुपदेशकाला.

'संबंधितांनी आवश्यक ती कार्यवाही करावी' असं एकही वाक्य या कागदावर नको. ज्या कामासमोर नाव नाही ते होणार नाही, आणि दोन नावं आहेत तेही होणार नाही. पुढची बैठक पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. कागदाची प्रत समितीच्या फाईलमध्ये गेलीच पाहिजे, म्हणजे पुढच्या तारखेला समिती त्या कामांवरूनच विचारते. कामं वेळेवर होण्याचं याहून मोठं कारण दुसरं नाही.

पॉक्सोची केस असेल तर वेळापत्रक आणखी घट्ट आहे. पोलिसांनी चोवीस तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. आरोपी त्याच घरात राहणारा असेल तर मुलाला घरातून बाहेर काढायची गरज आहे का, हे समिती तीन दिवसांत ठरवते. समिती आधार व्यक्ती नेमू शकते. ती खटला संपेपर्यंत मुलासोबत असते आणि समितीला दर महिन्याला अहवाल देते. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समितीनं शिफारस केली तर पैसे आठवड्यात मिळायला हवेत. ही विशेष मदत मागितलीच जात नाही, कारण ती आहे हे बैठकीतल्या कोणालाच माहीत नसतं. तुम्ही मागा.

पैसा आणि कागद

आई चुलत्याच्या घरी राहते त्याचं कारण बहुतेक वेळा चुलीवर येऊन थांबतं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्व योजनेत दरमहा ४,००० रुपये आहेत, पण तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. एकाच मुलासाठी दोन्ही अर्ज टाकू नका, छाननीत दोन्ही अडकतात. कोणत्या योजनेत बसतं ते कक्षात विचारून एकच अर्ज पक्का करा.

अर्ज अडतो तो जवळजवळ नेहमी त्याच दोन-तीन कागदांवर. वडिलांचा मृत्यू दाखला काढलेलाच नसतो. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, 'कोमल' आणि 'कोमलबाई'. आणि बँक खातं असतं, पण ते चुलत्याच्या मोबाईल नंबरला जोडलेलं. हे शेवटचं आधी तपासा, नाहीतर पैसे येतील ते त्याच माणसाला कळतील ज्याच्यापासून आईला सोडवायचंय. आईला संजय गांधी निराधार योजनेत बसवता येतं का तेही त्याच फेरीत तहसीलमध्ये विचारून घ्या, दुसरी फेरी तिला परवडत नाही.

जिल्हा ओलांडला की

हंगामात हे कुटुंब कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यावर जाईल. मूल तिथे अडचणीत सापडलं तर तिथली समिती केस हाती घेते, पण ते मूळ जिल्ह्यात पाठवायचं असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ९५ नुसार आदेश निघतो आणि विशेष बाल पोलीस पथकानं पंधरा दिवसांत सोबत करून पोचवायचं असतं. मुलगी असेल तर सोबत महिला पोलीस हवी. मूल पोचतं, फाईल मागे राहते. मुलासोबत तपासणी अहवाल, वैद्यकीय कागद आणि आदेशाची प्रत बंद लिफाफ्यात पाठवा, आणि निघण्याआधी मूळ जिल्ह्याच्या कक्षातल्या ठरावीक माणसाशी फोनवर बोलून त्याचं नाव लिफाफ्यावर घाला. मूल स्थलांतर करणारच असेल तर शाळेकडून शिक्षण हमी पत्रक, म्हणजे नव्या गावच्या शाळेत दाखवायचं कार्ड, घ्या आणि जवळच्या हंगामी वसतिगृहाची चौकशी आधीच करा.

गुप्तता

मुलाचं नाव, शाळा, पत्ता, फोटो बाहेर आला तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. व्हॉट्सॲपवरचा तालुका ग्रुप हा 'बाहेर'च समजा. 'आज एक बालविवाह रोखला' म्हणून मांडवातला फोटो टाकला की चौकातल्या प्रत्येकाला ती मुलगी कोण ते कळतं. केसला आद्याक्षरं आणि वर्ष असं सांकेतिक नाव द्या आणि संदेशांत तेच वापरा. तक्रार करणाऱ्याचं नाव चुलत्याला ठाण्यातल्या बोलण्यातून कळू शकतं, म्हणून ठाण्यात बोलताना 'शाळेतून कळलं' असं न म्हणता '१०९८ वर नोंद आहे' असं म्हणा.

मूल घरी परतल्यावर

समितीनं घरी पाठवायचा आदेश दिला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि फाईल कपाटात जाते. मुलगी घरी परतल्यानंतरचे पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. पहिली भेट पहिल्या आठवड्यात, मग महिनाभर पंधरवड्याला, पुढे महिन्याला. भेटीची तारीख आईला सांगू नका, पण वेळ अशी निवडा की मुलगी घरी असेल. शाळा सुटल्यानंतरचा तासभर बरा. समुपदेशकानं चुलत्याशीही बोलायचं असतं, पण ज्या दिवशी त्याला समज द्यायची त्या दिवशी मुलगी त्या घरात नको. तो राग तिच्यावर निघतो.

शिक्षकांना एकच काम सांगा: सलग तीन दिवस गैरहजर म्हणजे त्याच दिवशी समुपदेशकाला फोन. आठवडा थांबायचं नाही. आणि भेटीला गेलात आणि घराला कुलूप दिसलं, तर 'नंतर येऊ' म्हणून परतू नका. शेजारी विचारा, आशाताईंना विचारा, गाडी कोणत्या कारखान्यावर गेली ते मुकादमाकडून काढा, आणि त्याच संध्याकाळी त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला नाव, वय, कारखान्याचं नाव आणि समितीच्या आदेशाची तारीख कळवून त्यांच्याकडूनही पोच घ्या.